पायऱ्यांवरचे दिवे

शाळेच्या नाटकाच्या दिव्यांचं काम माझ्याकडे आलं, कारण मी विज्ञान शिकवत होते. मुख्याध्यापिकाबाईंचा हिशेब सरळ होता. नाटक विज्ञानाचं, म्हणजे दिवे विज्ञानाच्या बाईंचे. नाटकात विहीर असती तर त्यांनी भूगोलाच्या सरांना पोहरा धरून उभं केलं असतं. एरवी मी भांडले असते. शाळेत माझं नाव भांडकुदळ म्हणून झालेलंच होतं आणि त्या नावाला मी जागतही होते. पण त्या दिवशी मुकाट्याने हो म्हटलं. नाटकातली मुख्य भूमिका माझ्या मुलीला मिळाली होती, आणि माझ्या मुलीला अंधारात दिसत नव्हतं.

हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात आम्हा तिघांना ठाऊक होतं आणि शहरातल्या एका डॉक्टरांना.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आम्ही मद्रासजवळच्या आवडी गावात राहत होतो. नवऱ्याची खडकीहून इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात बदली झाली होती आणि कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. क्वार्टर्सच्याच शाळेत मला नोकरी लागली, मुलगीही तिथेच शिकायला लागली. वर्षभरात ती तमिळ अशी बोलायला लागली की भाजीवाली माझ्याशी बोलायचं सोडून तिच्याशीच बोलायची. मी चिडायची. आता वाटतं, चिडायला तेव्हा किती साधी कारणं होती.

तिच्या डोळ्यांचं आम्हाला कळलं ते एका संध्याकाळी, मद्रासहून परतताना. गाडी आवडीला थांबली, आम्ही दोघं उतरलो, आणि मुलगी दारातच उभी राहिली. एक पाय पुढे करून ती हवेत फलाट शोधत होती. मागची माणसं तमिळमध्ये ओरडायला लागली. मीही ओरडले, काय खेळ चालवलाय म्हणून. ती म्हणाली, "आई, खाली काही आहे का?" फलाट तिच्या पायाखाली वीतभरावर होता.

डॉक्टर मोठे होते, सभ्य होते आणि थंड होते. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे म्हणाले. जन्माबरोबरच येतो, हळूहळू वाढतो. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग कडेचं, आणि मग नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरतं. ते किती वर्षं उरेल, सांगता येत नाही. कदाचित पुष्कळ, कदाचित थोडी. मी विचारलं, औषध? ते म्हणाले, नाही. मी विचारलं, ऑपरेशन? ते म्हणाले, नाही. कागदावर त्यांनी आजाराचं लांबलचक नाव लिहिलं आणि खाली सही केली. औषध नसलेला डॉक्टरचा कागद मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मला त्या माणसाचा इतका संताप आला की जिना उतरताना मी नवऱ्यावरच ओरडले, जिना का दाखवत नाही तिला म्हणून. त्याने तिचा हात आधीच धरला होता.

त्यानंतर घरात गाजरांचा पूर आला. नवरा रोज गाजरं आणायचा. कारखान्यातल्या कुणीतरी त्याला सांगितलं की रातांधळेपणावर माशाच्या काळजाचं तेल हाच उपाय. झालं. आमच्या सात पिढ्यांनी मासळीबाजार लांबून ओलांडलेला, आणि हा माणूस सुट्टीच्या दिवशी गाडी आणि दोन बस बदलून मद्रासपलीकडच्या कोवलमच्या कोळीवाड्यात गेला. तिथल्या बायकांशी खुणांनी बोलून तेलाची बाटली घेऊन आला. घरभर तो वास. मी त्याला सांगितलं की हा आजार तसला नाही, जीवनसत्त्वाशी त्याचा संबंध नाही, मी विज्ञान शिकवते. तो म्हणाला, तू शिकव, मी बाटली आणतो. त्याचं तोंड बघून मी चमचा काढून दिला. मुलगी नाक दाबून रोज एक चमचा घ्यायची आणि दर दोन-चार दिवसांनी म्हणायची, "बाबा, आज जरा जास्त दिसतंय." तो कामावर गेला की मी तिला विचारायची, खरंच? ती हसून मान हलवायची, नाही म्हणून. बाबांना बरं वाटतं, म्हणायची. तेरा वर्षांची पोर.

अशात तिची नाटकात निवड झाली.

नाटक म्हणजे संगीत नाटक होतं, अंतराळाचं. पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही, म्हणून माणसं एका यानात बसून निघतात आणि शेकडो वर्षं झोपून राहतात. त्यांच्यातली एक मुलगी राखणीला जागी असते. शेवटी यान नव्या ग्रहावर पोचतं. ती मुलगी यानाच्या वरच्या टोकापासून गात गात खाली उतरते आणि दार उघडते. नाटक लिहिलं होतं इंग्रजीच्या सरांनी. तरुण होते, दाढी ठेवत आणि खिशात तीन पेनं. गाण्यांना चाली लावल्या शाळेच्या संगीताच्या बाईंनी. बाई कर्नाटक संगीतातल्या, त्यामुळे इंग्रजी शब्द आणि मोहनम राग असा तो प्रवास होता. ऐकायला विचित्र वाटेल, पण माझ्या मुलीच्या गळ्यातून ते आलं की विचित्र वाटत नसे. निवडीच्या दिवशी तिने दोनच ओळी गायल्या आणि बाईंनी बाकीच्या मुलींना घरी पाठवलं.

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा पहिला विचार माझ्या मनात आला तो असा की शाळेला सांगायला हवं. मुख्याध्यापिकाबाई वाईट नव्हत्या, घाबरट होत्या. त्यांना कळलं असतं तर प्रेमाने, पाठीवर हात फिरवून त्यांनी मुलीला कोरसमध्ये मागच्या रांगेत बसवलं असतं. सुरक्षित. मुलीला ते माझ्याआधी कळलं होतं. ती म्हणाली, "आई, एकदाच. पुढच्या वर्षी दिसेल की नाही कुणाला माहीत. यंदा आहे ना थोडं." मग तिने वही काढली आणि गणितं करायला बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडले. ती दुसऱ्या खोलीत होती आणि तिचे कान फार तिखट झाले होते.

तेव्हा मी ठरवलं की दिवे मी असे लावेन की माझी मुलगी त्या रंगमंचावर चालेल, आणि ते दिवे कशासाठी आहेत हे कुणाला कळणारही नाही. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. डोळे मला देता येत नव्हते, उजेड देता येत होता.

अडचण अशी की इंग्रजीच्या सरांना उजेड नकोच होता. त्यांच्या डोक्यात सगळा अंधार होता. अंतराळ काळं असतं बाई, ते म्हणत. नाटकभर मंचावर मिणमिणता निळा उजेड आणि शेवटच्या प्रवेशात गच्च काळोख, त्यात फक्त आवाज, आणि दार उघडलं की एकदम लख्ख प्रकाश. कल्पना म्हणून सुंदर होती, पण ती पार पाडायची होती माझ्या मुलीला. उंचावरून पायऱ्या उतरायच्या, गात, काळोखात. मी म्हटलं, मुलं पडतील. ते म्हणाले, सवयीने उतरतील. मी म्हटलं, प्रेक्षक झोपतील. ते दुखावले आणि दोन दिवस बोलले नाहीत. ते दोन दिवस मी कामाला लावले.

आमच्याकडे होते चार फ्लडलाइट, एक कुणाकडून तरी आणलेला स्पॉट, आणि रंगीत जिलेटिन कागदांची गुंडाळी. एवढ्यात अंतराळ बसवायचं होतं. तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून आत बल्ब लावला, तर मागच्या पडद्यावर तारे पडले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांना आतून चंदेरी कागद चिकटवून त्यांचे छोटे दिवे केले आणि यानाच्या भिंतीत बसवले. उजेड कमीजास्त करायला यंत्र नव्हतं, म्हणून शाळेच्या वायरमनने जुन्या नाटकवाल्यांची युक्ती काढली. मातीच्या बरणीत मिठाचं पाणी, त्यात दोन पत्रे. एक पत्रा खालीवर केला की दिवा मंद आणि प्रखर होतो. मी ते वर्गात समजावून सांगितलं आणि मुलं खुश झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी ती बरणी पाहिली आणि तिथेच खुर्ची मागवून बसल्या. मुलांच्या नाटकात पाणी आणि वीज एकत्र दिसता कामा नये, असं त्या म्हणाल्या आणि बरणी गेली. या एका बाबतीत त्यांचं बरोबर होतं हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

हे सगळं मी शाळेसाठी करत होते. मुलीसाठीची खटपट मी घरी करायची. संध्याकाळी खिडक्या लावून, ट्यूब बंद करून, टॉर्चवर एकेक जिलेटिन धरून तिला विचारायची, हे दिसतं? हे? निळा तिला जवळजवळ दिसतच नव्हता आणि सरांना निळ्याशिवाय काही सुचत नव्हतं. लाल थोडा बरा. पांढरा सरळ डोळ्यांत आला तर दिपायची, आणि एकदा दिपली की बराच वेळ काहीच दिसायचं नाही. म्हणजे प्रखर उजेडातून एकदम काळोखात गेली की ती पूर्ण आंधळी. आणि सरांचं नाटक नेमकं तेच करणार होतं. मी रात्रंदिवस त्या पायऱ्यांचाच विचार करायची. वर्गात प्रकाशाचे नियम शिकवताना मध्येच थांबायची आणि मुलं एकमेकांकडे बघायची.

वाट दाखवली ती खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी. अक्का तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज शतकांमागे तिकडे गेले ते तिथलेच झाले. त्यांचं मराठी मला सुरुवातीला निम्मं कळायचं नाही आणि माझं ऐकून त्यांना हसू यायचं. पहिल्याच दिवशी दारात येऊन त्यांनी विचारलं होतं, "काय करूलालीस गे?" काय करतेयस, एवढंच, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले होते. नवरात्र आलं होतं. तिकडच्या रीतीप्रमाणे अक्कांनी घरी कोलू मांडला, म्हणजे पायऱ्या रचून त्यावर बाहुल्या. मी हळदीकुंकवाला गेले तर खोलीतली ट्यूब विझलेली, व्होल्टेज पडलं होतं. पण पायऱ्यांच्या कडेने लावलेली छोट्या बल्बांची माळ मंद पेटली होती. सगळी खोली अंधारात आणि प्रत्येक पायरीची कड तेवढी उजळलेली. मी कुंकू लावून घ्यायचं विसरले.

मला हवं होतं ते हेच. अंधार सरांचा आणि कडा माझ्या. प्रेक्षकांना वाटेल यानाचे दिवे आहेत, आणि माझ्या मुलीला पायरी कुठे संपते ते दिसेल.

अक्कांकडे दुसऱ्या, मोठ्या कोलूच्या फणसाच्या लाकडाच्या जाड फळ्या होत्या, वडिलांच्या घरच्या. क्वार्टरमध्ये मावत नाहीत म्हणून त्या पलंगाखाली पडून होत्या. त्या त्यांनी हौसेने दिल्या. सुताराने बाकांवर बाक रचून त्यावर फळ्या ठोकल्या आणि यान तयार झालं. जादा माळाही त्यांच्याच होत्या. तिकडे त्यांना सीरियल सेट म्हणतात. त्यातला एक बल्ब गेला की सगळी माळ विझते, म्हणून अक्का ती दुसऱ्या कुणाच्या हाती देईनात. प्रयोगाला आपण स्वतः येऊन प्लगपाशी बसणार, हे त्यांनी परस्पर जाहीर केलं. माळ कशासाठी आहे ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. अक्का सोन्यासारख्या होत्या, पण त्यांची बहीण वेस्ट मांबलमला राहायची आणि सकाळी अक्कांना सांगितलेलं दुपारच्या गाडीने मांबलमला पोचायचं. तिथून ते शाळेत यायला दोन दिवस पुरले असते.

सरांना माळ पसंत पडली. दुबईच्या विमानतळासारखं दिसेल म्हणाले. ते दुबईला कधी गेले नव्हते.

तालमी सुरू झाल्या. मी मुलीला वरच्या फळीवर उभी करायची, सगळे दिवे बंद करायची, माळ लावायची आणि खालून हळूच विचारायची, "दिसतायत?"

"दिसतायत."

"कडा नीट कळतायत ना?"

"कळतायत गं."

आणि ती उतरायची. पहिल्या दिवशी हळूहळू, मग रोज थोडी सहज. चंदेरी रंग दिलेले कॅनव्हासचे बूट तिने मात्र घातले नाहीत. चावतात म्हणाली. माझ्यात आणि तिच्यात त्यावरून कडाक्याचं भांडण झालं, कारण अंतराळात अनवाणी कोण जातं? शेवटी सरांनीच सांगितलं की नव्या ग्रहावर माणसाने अनवाणीच उतरायला हवं, त्यात अर्थ आहे. सरांना कशातही अर्थ सापडायचा. त्या वेळी मला ते सोयीचं वाटलं.

मी तिला रोज विचारत राहिले. माळ आणखी खाली घेऊ का, लाल बल्ब वाढवू का, तुला कुठला रंग जास्त बरा दिसतो. एक दिवस ती वैतागली. "पोदुम आई, पोदुम. सगळे दिसतात." पुरे म्हणायला ती तमिळच वापरायची. मी मनात म्हटलं, देवा, एवढं एक जमू दे. मी फारशी देवाची नव्हे, पण त्या दिवसांत मी येताजाता प्रत्येक कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारला, म्हणजे तिकडच्या गणपतीला, हात जोडत होते. कारखान्याच्या फाटकावरच्यालाही आणि बसस्टॉपवरच्यालाही.

प्रयोग विजयादशमीच्या संध्याकाळी ठरला होता. तिकडे कलेची सुरुवात त्या दिवशी करतात. सभागृह भरलं होतं. कारखान्याचे मोठे साहेब पहिल्या रांगेत, मागे सगळी क्वार्टर्स, खिडक्यांच्या गजांवर पोरं. नवरा दरवाजाशी उभा होता. त्याला खुर्ची मिळाली होती, पण तो बसेना. मी मंचाच्या डाव्या अंगाला बटणांच्या फळीपाशी आणि अक्का उजव्या अंगाला पडद्याआड, माळेच्या प्लगपाशी, खुर्चीवर. मधे सगळा मंच. निघण्याआधी मी मुलीचा चेहरा चंदेरी रंगवायला घेतला, तर रंग सारखा कानावर जात होता. तिने माझं मनगट धरलं आणि तिनेच माझ्या हाताने स्वतःचा गाल रंगवून घेतला.

नाटक चांगलं रंगलं. डब्यातले तारे पडद्यावर पडले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक ग्रह लटकवलेला होता तो पडला आणि त्यालाही टाळ्या मिळाल्या. मुलगी उजेडात होती तोवर मी श्वास घेत होते. मग शेवटचा प्रवेश आला. यानातली माणसं, म्हणजे शाळेतली पोरं, चमकीच्या कपड्यांत पायऱ्यांवरच दोन्ही बाजूंना आडवी झाली आणि डोळे मिटून घेतले. मधली वाट मोकळी होती. मुलगी वरच्या फळीवर स्पॉटच्या उजेडात उभी. ठरल्याप्रमाणे मी फ्लड बंद केले, तारे बंद केले आणि शेवटी स्पॉट बंद केला. आता फक्त कडांची माळ उरायला हवी होती.

माळ विझली.

क्षणभर मला कळलंच नाही. समोर नुसता काळोख. हाताचा पंजा दिसेना. बल्ब गेला असेल, व्होल्टेज गेलं असेल, अक्का लावतील, आत्ता लावतील. त्यांनी लावली नाही. तंबोऱ्याचा सूर चालू झाला. वर, काळोखात, माझी मुलगी उभी होती, प्रखर उजेडातून आत्ताच बाहेर पडलेली, आणि पायऱ्यांवर पोरं निजलेली.

माझं बोट फ्लडच्या बटणावर होतं. लावला तर उजेड थेट तिच्या डोळ्यांत जाणार. ती दिपेल, दचकेल, आणि दिपली की तिला काहीच दिसायचं नाही. नाही लावला तर काळोख. मंच ओलांडून पलीकडे जावं तर बाकांना धडकून सगळं यान खाली येईल. ओरडावं तर तिचं नाटक संपलं, आणि शाळेला सगळं कळलं. मी आयुष्यात इतकी लाचार कधी झाले नव्हते. डॉक्टरांच्या खोलीतही नाही. तिथे निदान रागवायला माणूस होता.

आणि तिने गायला सुरुवात केली.

पहिली ओळ वरून आली. दुसरी ओळ आली तेव्हा मला वाटलं भास होतोय, पण आवाज खाली सरकला होता. ती उतरत होती. मी काळोखात डोळे ताणूनही काही दिसेना म्हणून डोळे मिटूनच घेतले आणि नुसती ऐकत राहिले. आवाज एक फळी खाली आला. थांबला नाही, अडखळला नाही. एक लांब तान घेताना ती आणखी खाली आली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. पाय चुकेल, आता चुकेल, असं माझं सगळं अंग म्हणत होतं, आणि आवाज सरळ, संथ, माझ्या दिशेने येत होता. मग तो माझ्या उंचीला आला. ती जमिनीवर होती. दार उघडल्याचा खटका वाजला आणि मी सगळे फ्लड एकदम लावले.

ती नेमकी खुणेवर उभी होती. डोळे मिटलेले, तोंड वर, हात पसरलेले.

टाळ्या थांबेनात. इंग्रजीचे सर धावत माझ्याकडे आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. शेवटी तुम्ही माझं ऐकलंत बाई, माळसुद्धा काढलीत, म्हणाले. अंधार कसा असतो ते आज लोकांना कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्याकडे बघून काय बोलले ते मला आठवत नाही.

मग अक्का आल्या. रडवेल्या झाल्या होत्या. त्यांच्या घरची रीत होती. विजयादशमीच्या संध्याकाळी कोलूतली बाहुली आडवी करून निजवायची आणि घरातल्या मोठ्या बाईने पायऱ्यांवरचा दिवा काढायचा. जन्मभर त्यांनी ते केलेलं. आज त्यांच्याच फळ्यांवर, त्यांच्याच माळेखाली, चमकीच्या कपड्यांतली पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर आडवी झाली. "पोरं निजलीं न्हवें गे? निजल्यावर दिवा काढाचा. हात आपोआप गेला. मग परत लावाया गेलें तर काळोखात प्लगचीं भोकंच सापडेनात." असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. मला तर हसू यायला लागलं, पोटातून, थांबेचना. पोरगी उतरली होती. माळ विझली, सगळं विझलं, तरी माझी पोरगी डगमगली नाही. प्रसंग आला तर म्हणून तिने वाट पाठ करून ठेवली असणार. कुणी सांगितलं नव्हतं तिला. मला तिचा इतका अभिमान वाटला की अक्कांचा हात धरून मी रंगपटाकडे जवळजवळ पळत गेले. तिला जवळ घेऊन म्हणायचं होतं, बाळा, माळ विझली तरी तू घाबरली नाहीस.

ती स्टुलावर बसली होती. समोरच्या आरशाभोवती भरपूर उजेड होता. चेहऱ्यावरचा चंदेरी रंग घामाने ओघळलेला. माझी पावलं तिने ओळखली आणि वळली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"आई, तुझे पायऱ्यांवरचे दिवे आज काय सुंदर दिसत होते गं," ती म्हणाली. "एकेक कड दिसत होती. तू उगाच काळजी करत होतीस."

शेजारी अक्कांनी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांचा हात घट्ट दाबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड तसंच मिटत गेलं.

"हो," मी म्हटलं, "छान दिसत होते."

मग मी टेबलावरचा ओला फडका घेतला आणि तिच्या गालांवरचा रंग पुसायला लागले.